58 लाखांची मल्टी, वर ‘थोडं नगद’: इंदुरात पगारदारानं घर घ्यायचं कसं?

सुदामानगरचा_भाडेकरू

धागा रागात काढतोय, आधीच सांगून ठेवतो.

आम्ही दोघं नोकरी करणारे. मी एका कंपनीत अकाउंट्सला, बायको शाळेत. सुदामा नगरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, मालक चांगले. मुलगी शाळेत जायला लागली तशी म्हटलं, आता स्वतःचं काही बघू. तेव्हापासून रविवारचे पोहे घरी खाल्लेले नाहीत. निपानिया, महालक्ष्मी नगर, बिचोली, राऊ, सगळीकडे फिरून झालं.

शेवटी बायपासच्या अलीकडे एक मल्टी (म्हणजे बहुमजली इमारतीतला फ्लॅट) पसंत पडली. टू बीएचके, काम चालू, किंमत 58 लाख. ब्रोशरवर 1150 स्क्वेअर फूट. कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती विचारलं तर पोरगा घुटमळला, मग म्हणाला, ‘सर, सात सौ के आसपास’. सॅम्पल फ्लॅट दाखवला, त्यात एकाही खोलीला दार नाही. बेडरूम चांगली ऐसपैस दिसत होती. पलंग बघून शंका आली म्हणून आडवा झालो, तर पाय घोट्यापासून बाहेर. माझी उंची साडेपाच फूट आहे हो! बायको म्हणे, उठा, लोक बघून राहिले.

तेही चालवून घेतलं असतं. बोलणीला बसलो तेव्हा आतल्या साहेबांनी काचेचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, ‘आठ का नगद रहेगा, बाकी पूरा व्हाइट. यहाँ सबका ऐसे ही है.’

घरी येऊन हिशोब मांडला. पेशाच तो.

सगळे पैसे चेकनं दिले तर: बँक 80 टक्के देते (30 ते 75 लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची तेवढीच मर्यादा आहे), म्हणजे 46 लाख 40 हजार. माझे 11.60. काम चालू असल्यामुळे जीएसटी 5 टक्के, 2.90. रजिस्ट्री (मुद्रांक आणि नोंदणी मिळून) साडेबारा टक्के, 7.25. खिशातून एकूण 21 लाख 75 हजार.

आठ नगद दिले तर: कागदावर किंमत 50. बँक देणार 40. माझे 10, नगद 8, जीएसटी 2.50, रजिस्ट्री 6.25. खिशातून 26 लाख 75 हजार.

म्हणजे कर वाचतो 1 लाख 40 हजार, आणि तो वाचवायला मला आधी पाच लाख जास्त उभे करायचे. माझा पगार बँकेत येतो, तिथूनच जातो. ज्याच्या दुकानातल्या गल्ल्यात रोकड आहे त्याला हे सोपं, त्याचा काळा पैसा घरात मुरतो. मी काय, एफडी मोडून त्यांच्यासाठी काळा करून आणू?

साहेबांना विचारलं, पूर्ण चेकनं घ्या ना. म्हणाले, ‘फिर रेट अलग लगेगा.’

चेकनं पूर्ण पैसे घेणारा कोणी इंदुरात उरलाय का? आणि हे भाव नेमके चढवून कोण राहिलंय?

---

मालवी_मिरची

पलंगाचं वाचून चहा सांडला. आम्हाला दाखवलेल्या फ्लॅटात फ्रिज पुठ्ठ्याचा होता, मी दार उघडायला गेले तर तो अख्खाच हातात आला.

आता कामाचं. रजिस्ट्री वहिनींच्या नावावर करा. बाईच्या नावावर असेल तर आपल्याकडे नोंदणी शुल्कात 2 टक्के सूट आहे, साडेबाराचे साडेदहा होतात. तुमच्या 58 वर 1 लाख 16 हजार वाचले, तेही कायद्यानं. नगद देऊन वाचवणार होतात त्याच्या जवळजवळ तेवढेच.

आणि नुसतं कागदापुरतं नाव नको. घर खरंच त्यांचं आहे हे तुमच्या मातोश्रींनाही सांगून ठेवा.

---

पुण्यात_अडकलेला

58 लाखांत टू बीएचके आणि रडून राहिलेत? बाणेरला या. 58 ला ते लोक पाणी पाजून परत पाठवतात. आम्ही तर इंदूर स्वस्त म्हणून तिकडे प्लॉट घेऊन ठेवलाय, रिटायरमेंटला बघू.

---

मालवी_मिरची

पुण्याचा पगार पण सोबत पाठवा मग, भाव पुण्याचे पाठवलेच आहेत. बाकी, ‘घेऊन ठेवलाय, बघू’ हे वाक्य लक्षात असू द्या सगळ्यांनी, या धाग्यात पुढे कामाला येईल.

---

दलाल_पण_माणूस

मी दलाल. चौदा मुलखाच्या शिव्या खाल्ल्यात, दोन इथंही चालतील. पण आधी ऐका.

नगद बिल्डर हौसेनं मागत नाही. सुरुवात जमिनीपासून होते. बायपासच्या पलीकडचा शेतकरी किंवा त्याच्या आधीच सौदा चिठ्ठी (कच्चा करार) करून बसलेला माणूस गाइडलाइनइतके (कलेक्टरनं ठरवलेल्या सरकारी दराइतके) चेकनं घेतो, वरचे नगद. आता बिल्डरला जमिनीत नगद घालावं लागलं तर ते तो कुठून वसूल करणार? तुमच्याकडून. तुमचे आठ लाख त्याच्या खिशात थांबत नाहीत, मागच्या माणसाकडे जातात.

दुसरं. कलेक्टर गाइडलाइन आणि बाजारभाव यांच्यात जेवढी फट, तेवढं नगद. गाइडलाइनच्या फार खाली रजिस्ट्री केली तर फरकावर आयकर खरेदी करणाऱ्यालाही लागतो आणि विकणाऱ्यालाही, म्हणून खाली कोणी जात नाही. जिथं गाइडलाइन बाजाराला येऊन भिडली तिथं नगदाचा खेळ आपोआप आटला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण 1 एप्रिलला गाइडलाइन वाढली की पहिली ओरड तुम्ही लोकच करता, रजिस्ट्री महागली म्हणून. दोन्ही कसं चालेल?

तिसरं, नकाशे. शहराचा मास्टर प्लॅन 2021 चा, लागू झाला 1 जानेवारी 2008 ला. 2021 उलटलं तरी पुढचा आला नाही. मधे आणखी 79 गावं जोडली आणि तिथं बराच काळ टीएनसीपीतून (नगर व ग्राम निवेश खात्यातून) नकाशेच मंजूर होऊन निघेनात. ज्याच्याकडे आधीची मंजुरी होती त्याच्या जमिनीला सोन्याचा भाव आला. माल कमी, गिऱ्हाईक जास्त.

चेकवाला हवा असेल तर सांगतो, फुकट: नवीन मल्टीच्या मागे लागू नका. पगारदाराकडून जुना फ्लॅट घ्या. त्यानं स्वतः लोन काढून घेतलेला असतो, बँकेचं बाकी चेकनंच फेडायचं असतं, आणि पुढचं घर घ्यायला त्यालाही व्हाइटच लागतो. जीएसटी पण नाही. असे विकणारे आहेत, पण ते होर्डिंग लावत नाहीत.

---

सुदामानगरचा_भाडेकरू

दादा, तुमचा शेवटचा मुद्दा पटला. पहिला नाही. ‘मागच्या माणसाकडे जातात’ म्हणून माझ्या खिशातून जाणारे थोडेच कमी होतात? साखळीत प्रत्येकाला पुढचा माणूस आहे, ज्याच्यावर टाकता येतं. शेवटी जो उभा आहे, फॉर्म-16 घेऊन, त्याच्या पुढे कोणी नाही.

---

बायपासचा_भिया

कुणी डायरीचं बोलेना म्हणून मीच सांगतो. बाहेरगावच्या मंडळींना माहीत नसेल.

कॉलनायझर (प्लॉट पाडून विकणारा) शेतकऱ्याशी सौदा करतो, बयाणा (इसार) देतो. नकाशा छापून घेतो, रंगीत. ना टीएनसीपी, ना डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती करणं), ना रेरा (घर-प्लॉट प्रकल्पांची सरकारी नोंदणी). मग आपल्या माणसांना बोलावून प्लॉट विकतो. रजिस्ट्री नाही, करार नाही. एक डायरी मिळते. पानावर प्लॉट नंबर, साइज (पंधरा-पन्नास, वीस-पन्नास, तीस-पन्नास), रेट, आणि खाली दिलेल्या हप्त्यांची नोंद, सही. कधी पूर्ण नावसुद्धा नसतं. आता ही डायरी विकायची. 1000 फुटाचा प्लॉट, फुटामागे दोनशे वर गेला तर दोन लाख नफा, नगद. दुसरा तिसऱ्याला देतो. प्लॉटवर अजून गहू उभा आहे आणि कागद चौथ्या हातात. शेवटच्या हाताची रजिस्ट्री होते, मधल्यांचं कुठं नाव नाही, गाव नाही.

कलेक्टरांनी बंदी घातली, काहींवर गुन्हे दाखल झाले, तरी थोडे दिवस शांतता आणि पुन्हा चालू.

मी स्वतः केलंय, लपवायचं काय. एका डायरीत आमच्या घराचा जिना आणि वरची खोली निघाली. सगळे करत होते, संधी होती.

---

सुदामानगरचा_भाडेकरू

म्हणजे तुमच्या जिन्याचे पैसे माझ्या भावात लागले.

---

बायपासचा_भिया

भिया, मी नसतो केलं तर दुसऱ्यानं केलं असतं. भाव माझ्यामुळे चढला नाही.

---

मालवी_मिरची

हो ना, कोणामुळेच चढत नाही. पुण्याचे साहेब ‘घेऊन ठेवतात’, तुम्ही ‘फिरवता’, दादा ‘मिळवून देतात’. भाव बिचारा आपला आपण चढून राहिला.

मेट्रो चालू झाली तेव्हा (31 मे 2025, पहिला आठवडा सगळ्यांना फुकट होती, मी मैत्रिणींना घेऊन गेले) गांधी नगरापासून सुपर कॉरिडॉर रस्त्याच्या तीन नंबर स्टेशनपर्यंत बसून आले. खिडकीतून खाली बघा कधी. एका बाजूला टीसीएस, इन्फोसिस, आणि मधे काय? चौकोन. तारेचं कुंपण, चार दगड, एक पाटी, ‘यह प्लॉट बिकाऊ नहीं है’. एका ठिकाणी म्हैस बांधलेली. त्या म्हशीच्या जागेचा भाव विचारलात तर चक्कर येईल.

मेट्रो कोणासाठी धावून राहिली तिथे? राहणारी माणसं कुठे आहेत? भाव मात्र स्टेशनाच्या घोषणेच्या दिवशीच वाढला, रूळ टाकायच्या आधी. ज्यांना त्या मेट्रोत रोज बसायचंय त्यांना तिच्या जवळ घर परवडत नाही, आणि ज्यांचे प्लॉट आहेत ते इनोव्हातून येतात, वर्षातून एकदा, गवत कापायला.

---

जुना_रामबाग

मुलांनो, मला टायपायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

होळकरांच्या दरबारानं पॅट्रिक गेडीस नावाच्या स्कॉच माणसाला बोलावलं होतं, शहर कसं वाढवावं हे सांगायला. 1918 साली त्यानं अहवाल दिला. त्याचं म्हणणं, जुन्या वस्त्या सरसकट पाडू नका, थोडी थोडी दुरुस्ती करत हवा-उजेड आत आणा. नव्या वस्तीत साध्या माणसाला परसदार मिळालं पाहिजे. पुढं नगर सुधार न्यास झाला, मग इंदूर विकास प्राधिकरण. योजना क्रमांक 54 म्हणजे आजचं तुमचं विजय नगर. तेव्हा तिथं संध्याकाळी सातनंतर रिक्षावाला यायला नाही म्हणायचा.

माझ्या भावाला प्राधिकरणाचा प्लॉट मिळाला तो लॉटरीत, ठरलेल्या दरात. तो कारकून होता. आता काय होतं? प्राधिकरण टेंडर काढतं, कमीत कमी दर लिहून, जो सर्वांत जास्त बोली लावेल त्याला प्लॉट. ती बोली दुसऱ्या दिवशी पेपरात येते, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाजगी कॉलनीवाला तीच दाखवून आपला रेट चढवतो. सरकारच्या घरची संस्थाच लिलाव मांडून बसली तर बाजाराला दोष देऊन काय मिळणार? दलाल बुवांनी तीन कारणं सांगितली, हे चौथं त्यांनी सोयीनं सोडलं.

आता माझं. आम्ही ऑफिसातली मंडळी 1980 च्या दशकात एका गृहनिर्माण सहकारी संस्थेचे सभासद झालो. नाव घेत नाही, कारण तिथले निम्मे लोक आता देवाघरी आहेत आणि उरलेले कोर्टात. पगारातून हप्ते कापून दिले. नकाशावर माझा प्लॉट कोपऱ्याचा होता, पूर्वमुखी. मी आणि सौभाग्यवती दर रविवारी स्कूटरवरून जाऊन ती जागा बघून यायचो. तिनं तिथं एक जांभळाचं रोप लावलं होतं.

मग एक दिवस कळलं, जमीन प्राधिकरणाच्या योजनेत गेली. मग कळलं, गेली नाही, पण स्थगिती आहे. मग संस्थेचे पदाधिकारी बदलले, आणि यादीत अशी नावं आली जी आमच्या ऑफिसात कोणी कधी ऐकली नव्हती. ज्यांनी हप्ते भरले ते यादीत खाली, ज्यांनी कधी पावती फाडली नाही त्यांच्या रजिस्ट्र्या झालेल्या. सहकार खात्यात अर्ज, कलेक्टर कचेरीत शिबिर, पावत्यांच्या झेरॉक्स, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. इंदुरात अशा संस्था एक-दोन नाहीत, ‘भूमाफिया’ हा शब्द इथल्या पेपरात हवामानासारखा रोज छापून येतो.

मला प्लॉट मिळाला. रिटायर झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. कोपऱ्याचा नाही, आतला. बांधायला ना पैसा उरला होता ना बळ, मुलगा बंगलोरला. तोही आता रिकामाच पडलाय, मिरचीताई. म्हैस नाही एवढंच.

---

मालवी_मिरची

काका, तुमचा रिकामा आणि त्यांचा रिकामा एक नाही हो.

जांभळाचं काय झालं?

---

जुना_रामबाग

तिथून रस्ता गेला.

---

कागद_आधी (वकिली करते, जिल्हा कोर्टात)

भाडेकरू, तुमच्या पोस्टमध्ये काही गोष्टी सुटल्या आहेत, त्या लिहिते.

एक, ते आठ लाख. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानं 2015 पासून मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच. दंड घेणाऱ्याला असला तरी चौकशीत ‘पैसे कुठून आणले’ हा प्रश्न तुम्हालाच येतो. शिवाय ते आठ लाख तुमच्या खरेदी किमतीत धरले जात नाहीत. उद्या घर विकताना पुढचा माणूस तुमच्यासारखा पूर्ण चेकवाला निघाला तर त्या आठ लाखांचा नफा तुमचा दिसणार. आताच्या 12.5 टक्के दरानं 1 लाख झाला. तुम्ही जे 1.40 वाचले म्हणता त्यातले राहिले किती?

दोन, सौदा 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) तुम्ही कापून भरायचा असतो, विकणाऱ्यानं नाही. म्हणून तर इंदुरातल्या कितीतरी घरांची किंमत कागदावर 49 लाख 90 हजार असते. योगायोग म्हणायचा.

तीन, रेरा. मध्य प्रदेशात 2017 पासून आहे. 500 चौरस मीटरहून मोठी जमीन आणि आठहून जास्त फ्लॅट असले तर नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही, बुकिंग तर सोडाच. किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घ्यायचे तर आधी नोंदणीकृत करार. गिऱ्हाइकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, त्याच प्रोजेक्टच्या जमीन आणि बांधकामासाठी. विक्री कार्पेटवर, त्या ‘1150’ ला कायद्यात जागा नाही. ताबा वेळेत नाही दिला तर व्याजासह पैसे परत मागता येतात. आता मला सांगा, नगद दिलेले आठ लाख यातल्या कुठल्या कलमात बसतात? बिल्डर बुडाला तर तुमचा दावा 50 चा. आठ लाख तुम्ही देवाला वाहिले.

प्लॉट घेणाऱ्यांनी एक वेगळं बघावं: कॉलनी मंजूर करताना 25 टक्के प्लॉट विकासकामांच्या हमीपोटी बंधक (गहाण) ठेवलेले असतात. रस्ते, ड्रेनेज, वीज पूर्ण होईपर्यंत ते विकता येत नाहीत. लोक तेही विकतात. विकास अनुमतीबरोबरची बंधक प्लॉटची यादी मागा आणि आपला नंबर तिच्यात नाही ना ते बघा. खसरा, बी-1 (जमिनीचे महसुली कागद), डायव्हर्शन हे सगळे विचारतात, ही यादी कोणी विचारत नाही.

---

दलाल_पण_माणूस

मॅडम, बंधकवाली गोष्ट शंभर टक्के. पण 70 टक्क्यांच्या खात्याचं कागदावर ठीक आहे, त्यातून पैसा कसा निघतो ते मी इथं लिहिलं तर माझं दुकान बंद होईल.

---

कागद_आधी

सीए, आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांच्या सर्टिफिकेटावर निघतो. मला माहीत आहे, तुम्ही चिंता करू नका.

---

नर्मदा_येईल_का

सगळे टाउनशिप आणि मल्टीचं बोलून राहिले, आमच्यासारख्यांचं कोण बोलणार?

मी पंधरा-पन्नासचा प्लॉट घेतला, अवैध कॉलनीत, नोटरीवर. मी गाडी चालवतो, नवरा-बायको मिळून जे येतं त्यात बँक दारात उभं करत नव्हती. भाड्याच्या खोलीत दर अकरा महिन्यांनी सामान हलवून कंटाळलो होतो. जेवढे होते तेवढ्यात एक खोली आणि टिनाचं शेड टाकलं, मग हळूहळू पक्कं केलं. 2023 साली सरकारनं जाहीर केलं की 31 डिसेंबर 2022 पर्यंतच्या अवैध कॉलन्या नियमित करू. आमच्याकडे मिठाई वाटली होती. रस्ता अर्धा झाला. नर्मदेची लाइन अजून नाही, बोरिंग एप्रिलात कोरडं पडतं, मग टँकर. दोन गल्ल्या मिळून एक टँकर बोलावतो, रात्री अकरा वाजता आला तरी सगळे पाइप घेऊन उभे.

तुम्ही म्हणाल, नोटरीवर का घेतलं, कागद कच्चा आहे. मला माहीत आहे कच्चा आहे. पक्का घ्यायला पैसे कुठे होते? पक्क्या कॉलनीत गरिबांसाठी छोटे प्लॉट ठेवायचा नियम आहे ना? आमच्याकडचा कॉलनायझर म्हणाला, त्याच्या बदल्यात आम्ही शुल्क भरून टाकलं. म्हणजे त्यांची कॉलनी स्वच्छ राहिली आणि आम्ही अवैध ठरलो.

भिंती माझ्या आहेत, कुलूप माझं आहे. बाकी बघू.

---

कागद_आधी

दादा, त्याला आश्रय शुल्क म्हणतात, आणि तुम्ही म्हणता तसंच चालतं. तुमच्याकडे नोटरीचा मूळ कागद, वीजबिल आणि मालमत्ता कराच्या पावत्या असतील त्या सगळ्या एका फाइलीत ठेवा, वर्षवार. वीजबिल सर्वांत जुनं शोधून काढा. नियमितीकरणात कॉलनी कधीची आणि ताबा कधीपासूनचा हे दाखवावं लागतं तेव्हा तोच कागद उभा राहतो.

---

एसआयपी_सदाशिव

मूळ प्रश्नावर येऊ का? तुम्ही घर घेताच कशाला? 58 लाखांचा फ्लॅट, भाडं मिळेल फार तर 14 हजार. वर्षाचे 1 लाख 68 हजार, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाही. 46 लाख 40 हजारांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 40 हजारांच्या वर जातो. भाड्यानं राहा, फरकाचे 26 हजार महिन्याला गुंतवा. 20 वर्षांनी तीन फ्लॅट घ्या.

---

मालवी_मिरची

आणि घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की तुमची एसआयपी घेऊन रस्त्यावर राहा. मुलीची शाळा, सासूबाईंचे गुडघे, तुळशीचं वृंदावन हे तुमच्या एक्सेलमध्ये कुठल्या खान्यात टाकायचं?

---

एसआयपी_सदाशिव

ताई, मी फक्त आकडे सांगितले.

---

सुदामानगरचा_भाडेकरू

सदाशिवराव, आकडे बरोबर आहेत, मीही तेच काढले होते. पण तुमच्याच आकड्यातून एक गोष्ट निघते. भाडं राहणाऱ्याच्या पगारावर ठरतं, कारण ते पगारातूनच द्यायचं असतं. किंमत मात्र पगारावर ठरत नाही. घराचा भाव जर राहणारे ठरवत असते तर तो भाड्यापासून इतका लांब पळाला नसता. तो ठरवतात न राहणारे. डायरीवाले, ‘घेऊन ठेवलाय’वाले, टेंडर भरणारे. आम्ही फक्त हप्ते भरतो.

कोणी पंतप्रधान आवास सुचवायच्या आधी: बघून झालं. नव्या योजनेत व्याजावर सूट आहे, पण उत्पन्न वर्षाला 9 लाखांपर्यंत आणि घर 35 लाखांपर्यंत. आमचं दोघांचं उत्पन्न त्याच्या थोडं वर आहे, आणि 35 लाखांत मुलीच्या शाळेच्या बाजूला गॅरेज येतं.

---

पुण्यात_अडकलेला

मिरचीताईंचं वाक्य खटकलं होतं, पण उत्तर देतो. मी प्लॉट विकला तर तो यांना मिळणार आहे का? दुसरा गुंतवणूकवाला घेईल. माझ्या एकट्याच्या सोडण्यानं काय होतं? रिकाम्या प्लॉटवर दरवर्षी चढता कर लावा, पाच वर्षांत बांधलं नाही तर दुप्पट. मी पहिला विकीन. पण ते कोणी लावणार नाही, कारण लावणाऱ्यांचेच प्लॉट आहेत.

---

जुना_रामबाग

हे मात्र पहिल्यांदा काही शहाणपणाचं बोललात.

मोठ्या जागांचंही तेच. हुकुमचंद मिल 1991 ला बंद पडली. कामगारांचे थकलेले पैसे मिळाले डिसेंबर 2023 मध्ये. चाळीस एकरांहून जास्त जमीन, शहराच्या पोटात, तीसएक वर्षं तशीच. आणि तुम्ही पोरं घर शोधायला बायपास ओलांडून जाता.

---

दलाल_पण_माणूस

भाडेकरू साहेब, भाषणं होत राहतील. माझ्याकडे एक रिसेल आहे. प्राधिकरणाच्या योजनेतली जुनी मल्टी, पिपलियाहानाच्या बाजूला. कार्पेट 780, मालक बँकेतले, बदली झालीय. मागणी 51, पूर्ण चेक, 49 ला सुटेल. नर्मदेचं पाणी आहे, मी स्वतः नळ उघडून बघितलाय. आधीच सांगतो: दलाली एक टक्का.

---

सुदामानगरचा_भाडेकरू

दलाली चेकनं घेणार?

---

दलाल_पण_माणूस

... घेतो. तुमच्यासाठी.

---

कागद_आधी

जायच्या आधी एवढं विचारून ठेवा. जमीन लीजची (भाडेपट्ट्याची) आहे की फ्री होल्ड (पूर्ण मालकीची) झाली. लीजची असेल तर लीज रेंट कुठपर्यंत भरलंय त्याची पावती, आणि नामांतरणाला प्राधिकरणाची परवानगी कोण काढणार ते इकरारनाम्यात (करारात) लिहून घ्या, विकणाऱ्यानं काढायची. पहिल्या मालकापासूनची रजिस्ट्रीची साखळी मूळ कागदांत बघा, झेरॉक्समध्ये नाही. मालकाचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद बँकेत असतील, तेव्हा बँकेकडून बाकी रकमेचं पत्र घ्या आणि बयाणा लहान ठेवा. सौदा 49 ला झाला आणि गाइडलाइननंही किंमत 50 च्या खाली असली तर टीडीएसची भानगड नाही, 51 ला झाला तर आहे.

---

जुना_रामबाग

लिफ्ट आहे का? कितवा मजला?

---

सुदामानगरचा_भाडेकरू

काका, दुसरा मजला, लिफ्ट नाही. आईला जिना जमेल का ते बघायला तिलाच घेऊन जातोय शनिवारी. लीजचं मालकांना फोनवर विचारलं, म्हणाले पावती शोधून ठेवतो. वकीलताई, बँकेच्या पत्राचा नमुना असेल तर इथंच टाका ना, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.